कपिल मुनीचे चार साक्षीदार

आमच्या घरात कपिल मुनी घरच्या माणसासारखा होता. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं, तो कोण्या गावचा हेही ठाऊक नव्हतं, पण माय भाकर थापता थापता "कपिल मुनी बराबर बोलते" असं म्हणायची, जसं मोठ्या दिराबद्दल म्हणावं. व्यास मात्र समोरच्या पार्टीचा. व्यासाचं नाव निघालं की बा तंबाखूची पिंक जरा जोरात टाकायचा. गौतम मुनी भांडखोर, दर गोष्टीला पुरावा मागणारा, म्हणून आमच्याकडे त्याला वकील म्हणत. कणाद गरीब. वावरात सांडलेले दाणे वेचून खायचा आणि म्हणायचा की सारं जग असल्याच बारीक दाण्यांचं झालेलं आहे. मायचा त्याच्यावर फार जीव. जैमिनीला होमहवनाशिवाय दुसरं सुचत नसे. पतंजली डोळे मिटून बसलेला, त्याचा कोणाला त्रास नव्हता. हे सहा शास्त्रांचे सहा मालक. सातवा चार्वाक. डोळ्याला दिसतं तेवढंच खरं, मेल्यावर काही नाही, असं तो म्हणे. त्याचं नाव जेवताना घ्यायचं नाही असा मायचा नियम होता. बुद्धाचंही एक कवन बाजवळ होतं, पण गावातल्या बौद्ध घरांत बुद्ध रोजच्या बोलण्यात होता, आणि दुसऱ्याच्या घरातल्या माणसावरून आपण पारावर भांडण लावू नये, असं बाचं मत होतं. ते कवन तो फक्त घरी म्हणायचा.

मी चौथी शिकलो. तीही पुरी नाही. तेवढ्या अक्षरांवर हे लिहितो आहे. ज्याला शुद्धलेखन पाहायचं असेल त्यानं दुसरं पुस्तक घ्यावं. माझी नात कॉलेजात जाते, तिच्या जाड पुस्तकात ही सगळी नावं आहेत. परवा ती मोठ्यानं वाचत होती आणि मी बाजेवर पडल्या पडल्या तिच्या आधी पुढचं नाव सांगत होतो. ती म्हणाली, "आबा, तुमाले कसं माईत?" मी म्हणालो, "आमी याईच्या संगं भाकर खाल्ली हाय." ती हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बा कलगीचा शाहीर होता. किसन शाहीर म्हणत त्याला. आता कलगी-तुरा कोणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. दोन पार्ट्या असायच्या. कलगीवाले म्हणत, माया मोठी, प्रकृती मोठी, जगाचं सगळं काम बाई करते. तुरेवाले म्हणत, ब्रह्म मोठं, पुरुष मोठा, बाई म्हणजे नुसता भास. यावरून डफ-तुणतुणं घेऊन दिवस दिवस सवाल-जबाब चालत. म्हणून कपिल आमचा, कारण त्यानं प्रकृतीच्या हाती कारभार दिला, आणि व्यास त्यांचा, कारण त्यानं ब्रह्माशिवाय कोणाला खरं मानलं नाही. पाचपन्नास गावांतली अडाणी माणसं उन्हात डोक्याला पागोटं गुंडाळून बसत आणि सांख्य हरलं का वेदांत हरलं यावरून घरी जाताना हमरीतुमरीवर येत. मोठमोठे पंडित कुठं कुठं काय करत असतील ते असोत, पण आमच्या भागात शास्त्रार्थ व्हायचा तो असा, बकऱ्याच्या कातड्यावर थाप मारून.

घर धाब्याचं, एका खणाचं. दाराशेजारी खुंटीला डफ. पावसाळ्यात त्याचं कातडं सैल पडून आवाज भद्द येई, मग बा दारात पऱ्हाटीचा जाळ करून डफ शेकायचा. शेकता शेकता बोटानं टिचक्या मारून पाहायचा, आणि कातडं ताणलं गेलं की एकदम खणखणीत आवाज निघे, त्या आवाजाला आमची गाय मान वर करी. माय उखळात मिरच्या कुटायची तीही त्या ठेक्यावर. सकाळी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल नि लसूण. गाण्याच्या दिवशी बा अर्धीच भाकर खायचा, पोट भरलं की आवाज बसतो म्हणे. मायला बाहेर गाता येत नव्हतं, बाईनं पारावर चढायची रीत नव्हती. पण बाचं कोणतंही कडवं अडलं की चुलीजवळून पुढचं यायचं. बा मग म्हणायचा, "पाह्य, प्रकृतीच बोलते शेवटी." आणि माय म्हणायची, "हाव, आन पुरुष जेवून उठते, ताटही उचलत नाई." घरात हसू होतं. तेवढं मला नक्की आठवतं.

बाला अक्षर येत नव्हतं. त्याच्या गुरूनं त्याला सगळं तोंडी दिलेलं. गुरू मरताना मात्र आपली वही त्याच्या हवाली करून गेला. जाड, हातशिलाईची, बोरूनं लिहिलेली. त्या वहीत अशी काही कवनं होती, जी गुरूनं म्हातारपणी लिहिली आणि बाला शिकवायची राहून गेली. त्यांतलं एक साक्षीदारांचं. जगात खरं काय हे ठरवायला कोणतं शास्त्र किती साक्षीदार मानतं, याचं ते कवन. पहिला साक्षीदार डोळा. दुसरा अंदाज, धूर दिसला की जाळ आहे हे कळतं तो. तिसरा शहाण्या माणसाचा शब्द. चौथा सारखेपणा. पाचवा असा, की दिवसभर उपाशी राहणारा माणूस जाड होत चालला तर तो चोरून खातो, हे न पाहता समजतं. आणि सहावा साक्षीदार नसणं. घागर जागेवर नाही, हे तिच्या नसण्यावरूनच कळतं. या सहांचं वर्णन वहीत नीट होतं. दुसऱ्या पानावर मालकांची नावं होती, कोणाचे किती. वही आधी भिंतीतल्या देवळीत ठेवलेली असायची, आणि एका पावसाळ्यात भिंतीतून उधई आली. माय पत्र्याच्या पेटीत ती हलवीपर्यंत आठ-दहा पानं खाल्ली गेली होती.

मी तेव्हा सोळा-सतराचा असेन. शाळा सोडून बरीच वर्षं झालेली. वाचताना अडखळलो म्हणून मास्तरनं सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती, आणि मी घरी येऊन पाटी उंबऱ्यावर फोडली, परत गेलो नाही. बा मला एका शब्दानं बोलला नाही. उलट जो भेटेल त्याला सांगायचा, "माहा पोरगा कोनचंही अक्षर वाचते. शाळेतलं संपलं म्हनून घरी आला." दुपारी तो भिंतीला टेकून बसायचा, मी वही मांडीवर घेऊन वाचायचो आणि तो डोळे मिटून एक एक ओळ गिळायचा. दोनदा ऐकलं की त्याची पाठ व्हायची.

त्या दिवशी मायचा भाऊ, माझा मामा, आलेला होता. बा त्याला म्हणाला, "आता ऐक भाच्याचं वाचन." मी साक्षीदारांचं कवन काढलं. पहिलं पान झालं. दुसरं पान उघडलं. चार्वाक एक. कणाद दोन. खाली जैमिनीच्या मीमांसेची दोन घरं, एकाचे पाच, एकाचे सहा. वेदांत सहा. मधे भोक. बोटभर रुंद, कडेला मातीची पुटं. भोकाच्या उजव्या अंगाला ‘तीन’ उरलं होतं, त्याच्याखाली ‘चार’. कोणाचे तीन आणि कोणाचे चार, ती नावं उधईनं खाल्ली होती. उरलेले मालक कोण ते मला माहीत होतं. सांख्याचा आपला कपिल, आणि न्यायाचा गौतम. पतंजली कपिलाच्याच पंगतीला, त्याची वेगळी ओळ नसे.

"थांबला काऊन बे?" बा म्हणाला.

मामा माझ्याकडे पाहत होता. मला मास्तरची थोबाडीत आठवली. मी म्हणालो, "गौतम मुनी तीन. कपिल मुनी चार."

बाचे डोळे उघडले. "कपिल चार? वकिलाच्या वर?"

"हाव."

"नीट दिसते ना?"

"दिसते."

तो मांडीवर थाप मारून हसला. मामाला म्हणाला, "पाह्यलं? आपला कपिल वकिलाले भारी पडला." मलाही ते बरोबरच वाटलं. आपला माणूस दुसऱ्याच्या माणसापेक्षा कमी कसा असेल? दोन-चार दिवसांत तर मी असं समजू लागलो की ते मी वाचलंच आहे.

साखरखेर्ड्याच्या वाटेवर एका गावी चैत्रात जत्रा भरायची. तिथं सकाळपासून उन्हं कलेपर्यंत कलगी-तुरा चाले. समोर तुरेवाला असायचा महादू शिंपी. बारीक अंगाचा, एकटा माणूस, बायको लवकर गेलेली, लेकरू नाही. बाजाराच्या दिवशी साखरखेर्ड्याला शिवणाचं यंत्र मांडून बसायचा. त्याचं नि बाचं पारावर हाडवैर आणि पाराखाली एका ताटातलं जेवण. बाच्या अंगातली बंडी महादूनं शिवलेली असायची. तिची शिलाई तो घ्यायचा नाही, आणि आमच्या घरची तूर त्याच्याकडे जायची.

त्या भागातली रीत अशी होती. सवाल करणाऱ्याला त्याचा जबाब ठाऊक पाहिजे. समोरच्यानं चुकीचा जबाब दिला असं म्हणायचं असेल तर डफावर हात ठेवून सांगायचं, की माझ्या गुरूचं असं असं आहे. मग पंच निवाडा करत. दुसऱ्याच्या गुरूच्या वहीत परक्यानं डोकावायचं नाही, हाही नियम. जो हरला त्यानं आपल्या डफाचा तुरा किंवा कलगी स्वतःच्या हातानं सोडून जिंकणाऱ्याला द्यायची, डफ पालथा ठेवून जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा, आणि हार उलटेपर्यंत पुन्हा उचलायचा नाही. सहसा कोणी तिथवर ताणत नसे. दोघं दमले की पंच बरोबरी सांगत आणि गूळ वाटत.

त्या वर्षी सुरुवात झकास झाली. बा महादूला म्हणाला, "तुहा पुरुष पांगळा हाय लेका. नुसता पाह्यत बसते. आमच्या बाईच्या खांद्यावर बसून जत्रा पाहून राह्यला!" लोक खदखदून हसले. महादू तुणतुणं छेडून म्हणाला, "आन तुमची बाई आंधळी हाय किसनभाऊ. खांद्यावरच्यानं वाट नाई सांगतली त गड्ड्यात जाईन, कपिलाले घेऊन." त्याच्यावर आणखी हसले. बायका ओट्यावरून पाहत होत्या. कडुनिंबाची फुलं डोक्यावर पडत होती. त्याच गर्दीत ज्या घराशी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं त्या घरची माणसंही होती, म्हणून मी नवा सदरा घालून, वही फडक्यात बांधून, बाच्या शेजारी ताठ बसलो होतो.

दुपार कलली तेव्हा बानं साक्षीदारांचा सवाल टाकला. महादूनं तुणतुण्याची तार बोटानं दाबली. मग एकेक सांगू लागला. चार्वाकाचा एक. कणादाचे दोन. "कपिलाचे तीन," तो म्हणाला, "डोळा, अंदाज, शब्द. गौतमाचे चार. चौथा सारखेपना, तो त्याचा स्वतःचा. ज्यानं रोही पाह्यली नाई त्याले सांगतलं की ती गाईसारखी असते. तो रानात गेला, रोही दिसली, त्यानं वळखली. कोनं वळखवली? सारख्यापनानं. हा साक्षीदार वकिलानंच उभा केला." पुढचे पाच, सहा, सगळे त्यानं सांगितले. लोकांना रोहीचं फार आवडलं.

बा उठून उभा राहिला. "चुकलं! कपिलाचे चार, गौतमाचे तीन!"

महादू म्हणाला, "नाई किसनभाऊ. बरोबरी करू. हे सोडा."

"सोडू कायले? माह्या गुरूच्या वहीत हाय."

पंचांत गावचे म्हातारे पाटील मुख्य होते. ते म्हणाले, "वही पोराजवळ हाय ना? मंग वाचू द्या त्याले."

मी फडकं सोडलं. पान उघडलं. भोकातून खालच्या पानावरचं अक्षर दिसत होतं. शेपन्नास माणसं माना पुढं काढून ऐकत होती. बा माझ्याकडे पाहत नव्हता, इतका त्याचा भरवसा होता. तो महादूकडे पाहून हसत होता. मी मोठ्यानं वाचलं, "गौतम मुनी तीन, कपिल मुनी चार." अडखळलो नाही.

महादू म्हणाला, "डफावर हात ठेवता?"

"हाव," म्हणून बानं डफावर पंजा ठेवला आणि गुरूचं नाव घेतलं.

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "शपथ झाली. कलगी जिंकली."

महादू शिंप्यानं वाद घातला नाही. त्यानं डफ मांडीवर घेतला आणि तुऱ्याची गाठ सोडू लागला. गाठ जुनी होती, दुसऱ्या कोणी दातानं तोडली असती. त्यानं नखानं एक एक धागा सुटा करत ती सोडली. बराच वेळ लागला. तुरा बाच्या हातात दिला, डफ पालथा ठेवला. मग माझ्याजवळून जाताना थांबला आणि हळूच म्हणाला, "चांगलं वाचतं रे बापू." बस्. मला तेव्हाच समजलं की त्याला समजलं आहे.

आम्हाला गुलाल लावून गावात फिरवलं. ज्या घराशी बोलणं चाललं होतं त्यांनी त्याच संध्याकाळी होकार कळवला. वाचणारा पोरगा, शाहिराचं घर. बा दोन-तीन महिने नुसता तरंगत होता. मग बाजाराच्या दिवशी तो महादूच्या यंत्राजवळ जाऊन बसला, तंबाखूची चंची पुढं केली. महादू म्हणाला, "काई शिवाचं असन त माप द्या." बा म्हणाला, "असा कायले करतं रे? पारावरचं पारावर." महादू म्हणाला, "माह्याजवळ पारावरचंच होतं किसनभाऊ. खाली काई नव्हतं." बा घरी आला तो हे वाक्य दोन-तीनदा म्हणाला. पुढं ऐकू येऊ लागलं की महादू जेवत नाही, यंत्र आठवड्यातून एखाद्या दिवशीच मांडतो, बाकी दार लावून बसतो.

थंडीत बाच्या मनात आलं की वही फार जीर्ण झाली, कोणाकडून नवी उतरवून घ्यावी. मेहकरला एक म्हातारे गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले, संस्कृत जाणणारे. मी नको म्हणून पाहिलं, मीच उतरवतो म्हणालो. बा म्हणाला, "तुहं अक्षर गिचमिड हाय." एष्टीनं आम्ही गेलो. गुरुजींच्या ओट्यावर ऊन आलेलं होतं. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, फार खूश झाले. म्हणाले, "हे धन आहे हो. एका अडाण्यानं लिहिलंय, पण दर्शनं काय नेमकी पकडलीत!" मग दुसऱ्या पानाशी थांबले. "इथं दोन ओळी गेल्या आहेत. वाळवीनं नावं खाल्ली. पण हरकत नाही, त्या भरता येतील. सांख्य तीन, न्याय चार."

बा म्हणाला, "तथी लिवलेलं हाय ना, गौतम तीन, कपिल चार."

"कुठं?"

"तुमी पाहा ना नीट."

गुरुजींनी वही त्याच्यापुढं धरली आणि भोकातून आपलं बोट आरपार घातलं. बोटाचं टोक पलीकडून हललं. "इथं काहीच नाही शाहीर."

बा त्या बोटाकडे पाहत राहिला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण भोक येत होतं. तो म्हणाला, "सहावा साक्षीदार." गुरुजींना वाटलं तो कवन म्हणतो आहे, ते हसून "वा" म्हणाले. बानं वही बांधली. माझ्याकडे पाहिलं नाही. एष्टीत माझ्या शेजारी बसला नाही, मागं जाऊन उभा राहिला. आमच्या फाट्यावर उतरल्यावर म्हणाला, "तू पंचाईले सांगशीन."

"नाई."

"काऊन?"

"लोक हासतीन. लगन मोडन."

"त्या मानसाचा डफ पालथा पडला, रे."

"मी सांगत नाई."

मी असाच होतो. अजूनही असाच आहे. एकदा नाही म्हटलं की माझ्या तोंडातून होय निघत नाही, आणि पुष्कळ वर्षं मी याला बाणा समजत आलो. बा म्हणाला, "बरं. मी सांगतो. तुह्यावर येऊ देत नाई."

त्या बाजाराला त्यानं दोन्ही डफ माझ्या खांद्याला दिले, आपला आणि महादूचा, आणि मला पुढं घालून साखरखेर्ड्याला नेलं. महादूच्या दारात बा खाली बसला. म्हणाला, "महादू, तुहा जबाब बराबर होता. माही शपथ खोटी होती. हा तुहा डफ घे." महादू वाळून काटकी झाला होता. तो डफाकडे पाहत होता, पण हात पुढं केला नाही. म्हणाला, "मले एकट्याले सांगून काय करता? डफ सगळ्याईसमोर पडला. पुढच्या जत्रेत पारावर सांगा, तथी घेईन." बा उठताना त्यानं विचारलं, "किसनभाऊ, तवा डफावर हात ठेवला होता. आता खरं सांगताना कशावर ठेवसान?" बानं दोन्ही डफ परत माझ्या खांद्याला अडकवले. उभ्या आयुष्यात त्याला न आलेला तो एक सवाल मी पाहिला.

चैत्रात जत्रा भरली. माझं लग्न पंधरा दिवसांवर होतं. महादू आला होता, वर्षानं पहिल्यांदा. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी, लोकांच्या मागं बसला होता. बा पारावर चढला. हातात काही घेतलं नाही. म्हणाला, "मायबाप हो, मागच्या साली मी खोटी शपथ घेतली. महादूचा जबाब खरा होता. त्याचा डफ त्याले परत उचलू द्या." गर्दीत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, "दोस्तासाठी बोलून राह्यला." कोणी म्हणालं, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." पाटील म्हणाले, "शाहीर, असा निवाडा उलटत नाई. वहीत होतं, आमी ऐकलं. तुमाले त अक्षर येत नाई, तुमाले कसं कळलं खोटं?" बाला मेहकरच्या गुरुजींचं सांगता येत होतं. सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं. मग पाटील माझ्याकडे वळले. "तूच सांग रे. वाचलं तू. वहीत तसंच होतं का नव्हतं?"

माझा होणारा मेव्हणा चार हातांवर उभा होता. महादू मागून मान उंच करून पाहत होता. बानं माझ्याकडे पाहिलं, मेहकरपासून पहिल्यांदा, आणि त्या पाहण्यात हुकूम नव्हता. तो नुसता वाट पाहत होता.

मी म्हणालो, "तसंच होतं."

बानं खाली पाहिलं. मग पंचांना म्हणाला, "पोरगा खरं सांगते. माहीच समजायची चूक झाली असन." आणि पारावरून उतरला, एक एक पाय टेकत.

महादू उठला, धोतर झटकलं आणि साखरखेर्ड्याच्या वाटेला लागला. त्याला कोणी हाक मारली नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत तो राहिला नाही. सांख्याचे तीन, न्यायाचे चार, असं त्यानं बरोबर सांगितलं होतं, आणि तो खोटा ठरून मेला. त्या वेळचे पंच, पाटील, मेव्हणा, कोणीच आता नाही. माझी बायको पन्नास वर्षं माझ्या घरात नांदली, तिलाही मी हे सांगितलं नाही. मी माफी मागायला हे लिहीत नाही, माफी देणारं कोणी उरलेलं नाही. नातीच्या पुस्तकात ते तीन आणि चार स्वच्छ छापलेले आहेत. तिथं महादू शिंप्याचं नाव नाही, म्हणून इथं लिहिलं.

त्या दिवशी आम्ही दिवे लागायच्या आत घरी आलो. बा पुढं, मी मागं. मायनं दारातच विचारलं, "काय झालं हो? देल्ला का डफ महादूभाऊले?" बानं पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "काई नाई झालं," तो म्हणाला. "पोराले वाढ. सकाळपासून उपाशी हाय."

मायनं वाढलं. मी जेवलो.